चार आण्यांचं अंतर

कुसमळीच्या पुलापलीकडे तिसऱ्यांदा चेन पडली.
मोठ्या चक्रावरून लहानावर यायचं, एवढंच काम,
तर ती लहानालाही ओलांडून
थेट फ्रेमच्या हाडावर.
हात काळे, ओठांवर खारट घाम.
जांबोटीकडून येणाऱ्या टेम्पोत काजूच्या पोत्यांवर बसलेलं पोरगं ओरडलं,
"ढकला की, बाई!"
ढकलली.

मोनाप्पा बेळगुंदकरांचं दुकान दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
पत्र्याला पत्रा जोडून उभं केलेलं.
एकतीस वर्षं उद्यमबागेत, फाउंड्रीत;
डावा कान तिथल्या घणानं नेला,
उजवा सणासुदीपुरता उरलाय, असं तेच सांगतात.
सायकल स्टँडवर टांगून त्यांनी नुसतं पाहिलं.
"कुणी हात लावलाय ह्याला?"
"मीच."
"तरीच."

आधी केबल सोडली.
इतके दिवस ओढून धरलेला तो चिमुकला पिंजरा
दमलेल्या बाईनं पाटावर बसावं
तसा आत येऊन टेकला.
"ताण असताना स्क्रू खोटं बोलतो.
आधी सैल करायचं, मग विचारायचं."

मग खिशातून चार आणे काढले,
गेंड्याचे,
जे आता खडेबाजारात कुणी हातातही घेत नाही.
मोठ्या चक्राचा दात आणि पिंजऱ्याची कड
यांच्यामध्ये ते नाणं सरकवलं,
अलगद बसलं.
"एवढंच अंतर.
वर गेला तर आळशी होतो, खाली आला तर भांडतो."
एक डोळा मिटून वरून बघत राहिले बराच वेळ:
बाहेरची पट्टी चक्राला समांतर हवी.
बांध चालतो तशी नव्हे,
समोरचे रूळ चाललेत तशी.

दोन बारीक स्क्रू, शेजारी शेजारी.
एकाकडे आतली हद्द, एकाकडे बाहेरची.
मोनाप्पा बोलतात मराठीत, शिव्या देतात हिंदीत,
पण स्क्रूचे फेरे कानडीत मोजतात,
ओंदु, एरडु, अर्ध.
उस्ताद गोकाकचे होते, बसलिंग मास्तर;
आकडे त्यांच्याकडून घेतलेले,
ते आता परत कुणाला करणार?

"आता तू ऐक," म्हणाले, "मला काय ऐकू येत नाही हे."
मी पायडल हातानं फिरवू लागले.
त्यांनी तर्जनी पिंजऱ्यावर टेकवली,
तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी.
"घासतंय?"
"घासतंय. बारीक."
पाव फेरा.
"आता?"
"थोडं अजून."
आणि तेवढ्यात गेटाची घंटा सुरू झाली,
लोंढ्याकडची मालगाडी आली,
एकेक वाघिणी दुकानाचा पत्रा हलवत निघाली.
मला काहीच ऐकू येईना.
मी हात थांबवणार, तर ते ओरडले, "फिरव की!"
बोट तिथंच होतं. डोळे मिटलेले.
दुसऱ्या हातातला स्क्रूड्रायव्हर
केसभर वळला,
थांबला,
उलटा त्याहून कमी वळला.

गाडी गेली. गेट उघडलं. हॉर्न, रिक्षा, कुत्रं.
चेन फिरत होती,
आणि पिंजऱ्यात काहीच होत नव्हतं.

मी सगळे गिअर तपासले, शाळेतल्या बाईसारखे, हजेरी घेत.
पुढचं मोठं, मागचंही सगळ्यात मोठं:
तिथं घासलं.
"आणि हे हो?"
"तिथं जायचंच नाही."
"पण गेलेच तर?"
"घासंल. असूंदे."
नाणं पुसून खिशात. चाळीस रुपये.

रविवारी पहाटे किणये मागं पडलं,
पूल आला, खाली मलप्रभा धुक्यातच.
चढ लागताच डाव्या बोटानं लिव्हर दाबली.
टक्.
चेन उतरली, लहान चक्रावर आली,
आणि राहिली.
मी खाली पाहिलंसुद्धा नाही.
फक्त उजवा पाय
सवयीनं आधीच क्लिपमधून सुटून
रस्त्याकडे निघाला होता,
तो परत आत घातला.